‘स्मृतिचित्रे’ आणि दयाधर्म

लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राला मराठी वाङ्मयात मानाचे स्थान मिळून आता कित्येक वर्षे झाली. त्यातील विनोदावर, घरगुती भाषेच्या गोडव्यावर आणि नारायण वामन टिळकांच्या विक्षिप्त स्वभावाच्या हकिकतींवर पुष्कळ लिहून झाले आहे. विजया मेहता यांनी १९८२ साली त्यावर चित्रपट केला, आणि शांता गोखले यांचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर २०१७ साली निघाले. असे असूनही या ग्रंथाची एक बाजू हिंदू वाचकाकडून बहुधा अस्पर्शित राहते. हा एका ख्रिस्ती घराचा ग्रंथ आहे, आणि त्या घरात ख्रिस्ती धर्म रोजच्या रोज कसा आचरला गेला याचा तो साक्षीपुरावा आहे. आमचा वाचक त्यातील हसू घेतो आणि धर्म अदबीने बाजूला ठेवतो. ही अदब अन्यायाची आहे असे आम्हांस वाटते, कारण धर्म वगळला की या पुस्तकाचा कणाच काढून घेतल्यासारखे होते.

असा विषय देवळाभोवती वाढलेल्या वाचकांपुढे मांडताना संकोच का वाटावा, हे उघड आहे. या नियतकालिकाच्या अनेक वाचकांच्या कुलदेवता सोळाव्या शतकात रातोरात नदी ओलांडून आल्या आहेत. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास गेला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली. ही स्थलांतरे हौसेची नव्हती. ज्या साष्टीत देवळे पाडली गेली, त्याच साष्टीत पुढे फादर स्टीफन्स यांनी आपल्या मायबोलीत ‘ख्रिस्तपुराण’ रचले व ते १६१६ साली छापले गेले. त्या ओव्यांची गोडी मान्य करतानाही आमच्या मनात पडझडीची आठवण जागी होते, आणि ती होणे स्वाभाविक आहे. तेव्हा मराठीतून बोलणारा ख्रिस्ती धर्म आमच्या कानांना प्रथम जेत्याचा धर्म म्हणून ऐकू येतो. लक्ष्मीबाईंचे पुस्तक वाचताना हा कान थोडा वेळ तरी बदलून घ्यावा लागतो. येथे ना राजसत्ता आहे, ना तलवार. नाशिकजवळच्या जलालपुरात १८६८ साली जन्मलेली, शाळेचे तोंड न पाहिलेली, अकराव्या वर्षी बोहोल्यावर चढलेली एक ब्राह्मण मुलगी येथे आपली हकिकत सांगत आहे.

पुस्तकाची घडण अगदी साधी आहे. टिळकांच्या चरित्रासाठी आठवणी हव्यात म्हणून पुत्र देवदत्त यांनी आईकडे आग्रह धरला, आणि आठवणी सांगता सांगता आईचेच चरित्र उभे राहिले. १९३४ ते १९३६ या काळात ते चार भागांत प्रसिद्ध झाले. १९३६ सालीच लक्ष्मीबाई वारल्या. त्यांच्या लिहिण्यात आपण ग्रंथकार आहोत हा भाव कोठेही डोकावत नाही. ओसरीवर बसून शेजारणीला सांगावे तसे त्या सांगतात, आणि म्हणूनच त्यांची साक्ष विश्वसनीय वाटते. न्यायालयात आम्ही पाहतो की, ज्या साक्षीदाराला आपल्या बोलण्याचा परिणाम काय व्हावा हे ठाऊक असते त्याचे शब्द मोजूनमापून येतात. लक्ष्मीबाई स्वतःस प्रतिकूल असलेली गोष्टही त्याच सुरात सांगून टाकतात.

आरंभीच धर्माचे एक चित्र येते, आणि ते भयानक विनोदी आहे. लक्ष्मीबाईंच्या मातामहांना सत्तावनच्या धामधुमीत फाशी झाली. त्या धक्क्यानंतर त्यांच्या वडिलांच्या मनाने सोवळ्याचा असा ध्यास घेतला की, बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू, अगदी मीठसुद्धा, धुतल्यावाचून घरात येऊ नये. सगळे घर या एका भीतीभोवती फिरत असे, आणि तिचा भार आईच्या व मुलांच्या माथी पडत असे. लक्ष्मीबाई हे हसत सांगतात, वडिलांची निंदा करीत नाहीत. परंतु वाचकाने ध्यानात घ्यावे की, पुढे सबंध पुस्तकभर जो प्रश्न निरनिराळ्या रूपांनी येतो तो येथेच उपस्थित झाला आहे. धर्म म्हणजे स्वतःला डागापासून जपणे की दुसऱ्याच्या चिखलात हात घालणे? लक्ष्मीबाईंनी हा प्रश्न अशा शब्दांत कोठेही मांडलेला नाही. त्यांच्या आयुष्याने तो मांडला.

टिळकांची हकिकत सर्वश्रुत आहे. आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन गृहस्थाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. त्यातील गिरिप्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. या घटनेत आम्हांस महत्त्वाचे वाटते ते हे की, टिळकांना प्रथम वाचन भेटले. पाद्री, संस्था, मदत यांतले काहीही त्या क्षणी त्यांच्यापुढे नव्हते. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशा आशयाचे ते पुढे बोलत. ज्या मनुष्याने संतवाणी आतड्याने वाचली होती, त्याने शुभवर्तमानही त्याच आतड्याने वाचले. म्हणून त्यांचा ख्रिस्ती धर्म अभंगांतून बोलू लागला, आणि म्हणूनच १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी संन्यस्त वृत्तीने साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. वेतनावर धर्मसेवा करणे त्यांच्या मनाला सलू लागले होते. हा सल हिंदू वाचकाला परका वाटण्याचे कारण नाही.

परंतु टिळकांच्या बाप्तिस्म्याने लक्ष्मीबाईंवर कोसळलेले संकट पुस्तकाने झाकलेले नाही. पती जिवंत असून नसल्यासारखा, पदरी लहान मूल, भोवती नातलगांचा शोक आणि जातीची नजर, अशी काही वर्षे त्यांनी काढली. येथे कायद्याची एक बाब सांगितली पाहिजे, कारण ती बहुतेक वाचकांच्या लक्षात येत नाही. १८५० च्या कायद्याने धर्मांतर करणाऱ्याचा वारसाहक्क सुरक्षित केला होता. १८६६ च्या दुसऱ्या एका कायद्याने अशीही सोय केली होती की, ख्रिस्ती झालेल्या मनुष्याला त्याच्या धर्मांतरामुळे पत्नीने सलग सहा महिने टाकले, तर त्याने न्यायालयात जावे, आणि ठरलेल्या मुदतीनंतरही ती नांदावयास तयार नसेल तर विवाह रद्द करून घ्यावा. कायदा टिळकांच्या बाजूने उभा होता. ती वाट त्यांनी धरली नाही. त्यांनी पत्रे लिहिली, भेटीची खटपट केली आणि वाट पाहिली. लक्ष्मीबाई नगरास परत आल्या त्या हिंदू म्हणूनच आल्या. त्यांचे सोवळे, त्यांचे पाणी, त्यांची चूल वेगळी राहिली, आणि टिळकांनी ते चालू दिले. जो मनुष्य रागाच्या झटक्यात काय करील याचा नेम नसे, त्याच मनुष्याने या एका बाबतीत एवढा धीर धरला. अंगी असलेला हक्क न बजावणे हीसुद्धा करुणेची एक जात आहे. वकिलीच्या धंद्यात ती फार क्वचित पाहावयास मिळते.

लक्ष्मीबाईंचे स्वतःचे परिवर्तन हा पुस्तकातील सर्वांत मोलाचा भाग होय. त्यांचा बाप्तिस्मा १९०० साली झाला, पण त्याआधीच एक गोष्ट त्यांच्या मनात घडून गेली होती. जात देवाने केली की माणसाने, असा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला. देवाने केली असती तर पशुपक्ष्यांत दिसतो तसा डोळ्यांना दिसणारा भेद त्याने माणसांतही ठेवला असता, असा अगदी घरगुती तर्क त्यांनी चालवला, आणि यापुढे कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यावयाचे असे ठरवले. या निर्णयात शास्त्रार्थ नाही, कोणाचे प्रवचन नाही. एका बाईने एका क्षणी आपल्या बुद्धीचे ऐकले. अशाच निष्कर्षाला आमचे संत तीन-चारशे वर्षांपूर्वी पोचले होते. आमच्या पंगतीला मात्र तो अजूनही पचनी पडलेला नाही, हे येथे लाजेने नमूद करावे लागते. ज्या वडिलांच्या घरी मीठ धुतले जात असे, त्यांच्या मुलीने ही मजल मारली. तिला पुढे नवीन धर्मात जावे लागले की आमच्यातच राहून तिला ती मजल टिकवता आली असती, याचा विचार ज्याने त्याने करावा.

आता दानधर्माकडे वळू. टिळकांच्या घरातील दान हा या ग्रंथातला अखंड चालणारा विषय आहे आणि त्याचे चित्रण कोठेही गोड केलेले नाही. टिळकांच्या हाती पैसा ठरत नसे. कोणीही दुःखी जीव दारी आला की तो घरचा होई. मग त्याची भाकरी कोठून यावयाची, त्याला पांघरूण कोठले द्यावयाचे, हा प्रश्न लक्ष्मीबाईंचा. दात्याच्या औदार्याची किंमत स्वयंपाकघरात कशी चुकती होते, हे त्यांच्याइतके स्पष्ट मराठीत दुसऱ्या कोणी सांगितले असेल असे आम्हांस वाटत नाही. त्या रागावतात, भांडतात, टोमणे मारतात, आणि आलेल्या मुलाला जेवू घालतात. पुराणांतील दानशूर राजांच्या कथांत राणीला कोणी विचारीत नाही. येथे राणीच कथा सांगते आहे, आणि तिच्या तक्रारींमुळे दानाचे मोल कमी न होता वाढते.

नगरास प्लेग आला तेव्हा लक्ष्मीबाईंनी रोग्यांची सेवा केली. त्या काळी रक्ताची माणसेही रोग्याला टाकून पळत, ही गोष्ट ज्यांनी वाडवडिलांकडून ऐकली आहे त्यांना या सेवेचा अर्थ सांगावयास नको. लक्ष्मीबाई हे सर्व असे सांगतात की, जणू लोणच्याच्या बरण्या उन्हात ठेवल्या. आपण काही विशेष केले ही जाणीवच तेथे नाही. ख्रिस्ताच्या शिकवणीत एक वचन असे आहे की, भुकेलेल्याला, आजाऱ्याला, बंदिवानाला जे केले ते मलाच केले, असे प्रभू न्यायाच्या दिवशी म्हणेल, आणि करणारे आश्चर्याने विचारतील की आम्ही हे केव्हा केले. लक्ष्मीबाईंच्या लिखाणाची वृत्ती त्या आश्चर्य वाटणाऱ्यांची आहे. पुस्तकात शास्त्रवचने थोडी आहेत. पण ज्याने शुभवर्तमान वाचले आहे त्याला ते पानोपानी आचरणात उतरलेले दिसेल.

येथे आमचा वाचक रास्त आक्षेप घेईल. दान निर्मळ खरे, पण त्याच्या मागून बाप्तिस्मा येतो त्याचे काय? हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली शारदा सदन काढले तेव्हा धर्माच्या बाबतीत तटस्थता राहील या विश्वासावर रानडे, भांडारकर यांच्यासारख्यांनी सल्लागार म्हणून पाठबळ दिले. पुढे मुलींचा ओढा प्रार्थनेकडे व ख्रिस्ताकडे होऊ लागला, तेव्हा १८९३ मध्ये ते त्यातून बाहेर पडले. टीकाकारांनी वापरलेली भाषा आज वाचवत नाही. परंतु अज्ञान मुलींचे पालकत्व ज्या समजुतीवर मिळाले त्या समजुतीला जागावे, ही अपेक्षा विश्वस्ताच्या कायद्यात अगदी मूलभूत आहे. त्याचबरोबर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. संवत १९५६ चा दुष्काळ, ज्याला आमच्या गुजरातेत अजून छपनिया म्हणतात, या प्रांतात माणसे गवतासारखी मरत असताना रमाबाईंनी येथून शेकडो मुली केडगावच्या मुक्ती सदनात नेल्या. त्या वेळी तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली होती. त्या मुलींना घेऊन जावयास आमच्या देवस्थानांची माणसे आधी पोचली असती, तर धर्मांतराचा वाद घालण्याचा आमचा अधिकार अधिक बळकट झाला असता.

कायद्याने या प्रश्नाला आपल्या परीने सीमा घातल्या आहेत. धर्माचा प्रसार करण्याच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली रेव्हरंड स्टॅनिस्लॉस यांच्या प्रकरणात ठरवले. गुजरातेत २००३ च्या कायद्याने बळ, प्रलोभन वा फसवणूक यांनी होणारे धर्मांतर निषिद्ध केले. परंतु दयेत प्रलोभन कोठे सुरू होते हे कोणते कलम सांगणार? भुकेल्याला दिलेली भाकरी देणाऱ्याच्या मनात काय होते यावर दया ठरते किंवा सौदा ठरतो, आणि मनाचा पंचनामा करता येत नाही. न्यायाधीशाच्या हातात परिणाम येतो, हेतू तर्काने काढावा लागतो.

म्हणून आम्ही कसोटी धर्मग्रंथांकडून घेतो. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाचे लक्षण सांगताना ‘अनुपकारी’ असा शब्द आला आहे. ज्याच्याकडून परतफेड होण्यासारखी नाही त्याला द्यावे. लूकच्या शुभवर्तमानात ख्रिस्त यजमानाला सांगतो की, मेजवानी द्यावयाची तर धनवान शेजाऱ्यांना बोलावू नये, ते उलट बोलावतील. पंगू, आंधळे, दरिद्री यांना बोलवावे, कारण त्यांच्यापाशी फेडावयास काही नाही. दोन्ही वचने इतकी जवळ आहेत की, एकावरून दुसऱ्याचा अर्थ लावता यावा. आता परतफेड पैशाचीच असते असे नाही. धर्मांतर हीही परतफेड होऊ शकते. तशीच देणगीदाराच्या नावाची संगमरवरी पाटी हीही परतफेडच. ही कसोटी लावली म्हणजे मिशनऱ्यांपैकी काही नापास होतील, आणि आमच्यापैकीही पुष्कळ जण त्याच बाकावर जाऊन बसतील.

टिळकांचे घर या कसोटीला कसे उतरते? याचे उत्तम उत्तर बालकवी ठोंबरे यांच्या प्रकरणात आहे. हा हळवा, अव्यवहारी, प्रतिभावान मुलगा टिळकांच्या नगरच्या घरी राहिला, लक्ष्मीबाईंनी त्याचे पोटच्या पोरासारखे केले. त्याचे रुसवे सोसले, लाड पुरवले, खोड्यांना हसल्या. धर्मांतर घडवण्यासाठीच दया असती तर याहून सोपे सावज कोठे मिळावयाचे होते? तो ठोंबरे होता तो ठोंबरेच राहिला. १९१८ साली आगगाडीखाली त्याचा अंत झाला तेव्हाही तो हिंदूच होता. मराठी निसर्गकवितेवर एका ख्रिस्ती स्वयंपाकघराचे हे ऋण आहे, आणि त्या ऋणाची वसुली कोणी केली नाही.

ग्रंथाचे दोषही सांगितले पाहिजेत. आठवणींच्या ओघात कालक्रम वारंवार ढिला पडतो. टिळकांच्या निधनानंतरचा, म्हणजे १९१९ नंतरचा भाग विस्कळित आहे. पूर्वार्धातील प्रसंगांना जी घट्ट वीण आहे ती तेथे सुटते. बाप्तिस्मा घेण्याच्या निर्णयामागची अंतःकरणाची उलाढाल वाचकाला हवी तितकी मिळत नाही. जात टाकण्याचा क्षण जितका उजळ आहे तितका ख्रिस्त स्वीकारण्याचा नाही. मिशनसंस्थांकडे असलेला पैसा, अधिकार आणि त्यापुढे एतद्देशीय ख्रिस्त्यांची होणारी कुचंबणा यांचा लक्ष्मीबाई ओझरता उल्लेख करतात, त्यावर थांबत नाहीत. थांबल्या असत्या तर टिळकांनी नोकरी का सोडली हे अधिक स्पष्ट झाले असते. आणि विनोद हे त्यांचे बळ असले तरी कधी कधी दुःखाच्या अगदी दाराशी जाऊन त्या हसून परततात, तेव्हा वाचकाला दार उघडावेसे वाटते. परंतु हे उणेपण मान्य करूनही, धर्म हा माणसाला कसा वागवतो याची इतकी प्रांजळ नोंद आमच्या भाषेत फार थोडी आहे.

हे पुस्तक हिंदू वाचकाने धर्म बदलावा म्हणून वाचावयाचे नाही, आणि तसा लक्ष्मीबाईंचा आग्रहही नाही. त्याने आपला धर्म तपासावा म्हणून वाचावयाचे आहे. आमच्या बडोद्यात एकादशीला मांडवीजवळच्या मंदिरातून विठ्ठलाचा वरघोडा निघतो, आणि फत्तेगंजाकडे चर्चच्या घंटा वाजतात. दोन्ही बाजूंना देणगीच्या पेट्या आहेत. याच शहरी सयाजीराव महाराजांनी श्रावणमासातील दक्षिणा परीक्षेशी जोडली, आणि १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. धर्मादाय पैसा कोठे वळावा याचा विचार येथे नवा नाही. १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या नवव्या कलमात धर्मादाय हेतू सांगताना गरिबी व संकट यांचे निवारण, शिक्षण आणि वैद्यकीय मदत यांची नावे घेतली, आणि केवळ पूजेसाठी वा धर्मशिक्षणासाठी असलेला हेतू त्यातून वगळला. पूजेचा न्यास कायदा वेगळा मानतो व त्यालाही संरक्षण देतो. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली रतिलाल गांधी प्रकरणात हेही बजावले की, धार्मिक पैसा सरकारने किंवा न्यायालयाने आपल्या मर्जीने दुसरीकडे वळवू नये. तो निर्णय योग्यच आहे. पण त्याचा अर्थ असा होतो की, देवळाच्या पेटीतील पैसा दवाखान्याकडे वळवावयाचा असेल तर तो भाविकांनी आणि विश्वस्तांनीच, आपल्या न्यासपत्राच्या मर्यादेत राहून, वळवला पाहिजे. ते काम आमच्यासाठी दुसरे कोणी करणार नाही.

तेव्हा ज्यांच्या घरी ‘स्मृतिचित्रे’ कपाटात आहे त्यांनी ते पुन्हा काढावे, आणि हसून झाल्यावर एकदा केवळ त्यातील पाहुणे मोजत वाचावे. कोण आला, किती दिवस राहिला, त्याने काय खाल्ले, आणि जाताना त्याच्याकडून काय मागितले गेले. मग आपल्या देवस्थानाचा वार्षिक हिशेब शेजारी ठेवून तीच मोजणी करावी. विश्वस्तमंडळाच्या पुढील सभेत विचारावयाचे दोन-तीन प्रश्न त्यातून सहज निघतील.